दोस्ती दोघांची, सवलत चौघांच्या खिशातून

हे प्रकरण ६०,००० रुपयांचं आहे. कोल्हापुरातला एक आयोजक आणि दर हिवाळ्यात दौऱ्यावर निघणारा मुंबईचा एक जॅझ सॅक्सोफोनवादक यांची जुनी, खरी दोस्ती. त्या दोस्तीत ही रक्कम आधी मायेने दिली गेली, पुढे एका रात्री मानधनातून वळती झाली, आणि ज्यांचा या दोस्तीशी काडीचा संबंध नव्हता अशा तिघांच्या खिशातून तिचा मोठा वाटा गेला. आयोजकाच्या कार्यक्रमांचा जमाखर्च मी पाहतो, म्हणून कागद माझ्याकडे आहेत. दोघांना विचारून लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

लिहिण्याचं कारण एवढंच की आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांत चांगलं संगीत येतं ते अशाच दोस्त्यांच्या जोरावर. मोठ्या शहरात कंपन्या कार्यक्रम करतात. इथे एक वेडा माणूस असतो आणि त्याच्या ओळखीचा एक कलावंत असतो. ही पद्धत मला मनापासून प्रिय आहे. ती टिकावी असं वाटतं, म्हणून तिच्यात पैसा नेमका कुठे झिरपतो ते दाखवायला हवं.

दोघे

आयोजकाचं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. गाणं ऐकण्याची सवय वडिलांकडून आली. वडील देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठका चुकवत नसत. १८८३ सालापासून चालत आलेली ही संस्था आणि शाहू महाराजांनी दरबारात आणलेले गायक अल्लादिया खाँसाहेब, या दोन गोष्टींवर कोल्हापूरकराचा जीव आहे. कलावंत गावात आला की तो कुणाच्या तरी घरी उतरणार, घरचं जेवणार, रात्री उशिरापर्यंत माडीवर गप्पा होणार, हे इथे ठरलेलंच. आयोजकाने ही रीत लहानपणापासून पाहिलेली. जॅझ मात्र त्याला मुंबईत भेटलं. नव्वदच्या दशकात शिकायला तिथे असताना रंगभवनात त्याने जॅझ यात्रेचे कार्यक्रम ऐकले. निरंजन झवेरी यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईत वाजवून गेला होता. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांनी रंगभवनाच्या उघड्या आकाशाखाली बसून ऐकलं, त्यांच्यातले कित्येक जण आजही त्याबद्दल बोलताना हळवे होतात. आयोजक त्यांच्यातला एक.

वादक धोबी तलावच्या गोवेकर वस्तीत वाढलेला. आजोबा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवायचे. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून मुलं लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकत. तेच पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि तिथून स्टुडिओत गेले. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतला तो उसळता ट्रम्पेट आठवत असेल, तर त्यामागे चिक चॉकलेट नावाने ओळखला जाणारा गोवेकर वादक होता. म्हणजे मराठी कानाला जॅझ नवं नाही, फक्त ते चित्रपटाच्या कपड्यांत आलं होतं. आपला वादक मराठी अस्खलित बोलतो. कोल्हापुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी 'भावा' म्हणायला लागला.

ओळख झाली पुण्यात, २०१६ साली, एका कार्यक्रमानंतर. "कोल्हापूरला का येत नाहीस?" असं याने विचारलं. "बोलावलं कुणी?" असं त्याने उत्तर दिलं. पुढच्या डिसेंबरात पहिला कार्यक्रम झाला.

मधला दिवस

दौऱ्याचं अर्थकारण थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच आला.

वादकाचा चौघांचा संच: तो स्वतः, कीबोर्ड, बास आणि ड्रम. हिवाळ्यात मुंबई, पुणे, गोवा, कधी बंगळूर असा फेरा. शुक्रवारी पुणे आणि रविवारी गोवा असलं की शनिवार रिकामा. दौऱ्यावरचा रिकामा दिवस फुकट जात नाही. चार माणसांचं राहणं, जेवण, गाडीचा खोळंबा, सगळं चालूच असतं; त्या वेळी बारा ते पंधरा हजार रुपये नुसते बसून जात. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर, आणि पुढे आजरा-आंबोलीच्या वाटेने गोवा. कोल्हापूर ऐन रस्त्यावर. तेव्हा शनिवारी कोल्हापुरात कमी पैशांत वाजवणं हे वादकाच्या फायद्याचंच होतं. २०१७ साली पुण्यात संचाला १,६०,००० मिळाले, कोल्हापुरात ९०,०००. कुणी कुणावर उपकार केला नाही. व्यवहार चोख होता आणि चौघेही खूश होते.

पहिल्या कार्यक्रमाला लोक कुतूहलाने आले. सॅक्सोफोन कोल्हापूरकराने ऑर्केस्ट्रात ऐकलेला, वरातीच्या बँडमध्ये ऐकलेला. पण ठरलेलं गाणं अर्ध्यात सोडून वादक भलतीकडे निघतो, बाकीचे तिघे त्याला सोडत नाहीत, मग चार बार (तालाची चार आवर्तनं) सॅक्सोफोन आणि चार बार ड्रम असं झटापटीसारखं चालतं, हे पाहून कुस्तीची जाण असलेलं गाव खुर्चीत पुढे सरकलं. तबलजीला दाद द्यायची सवय असलेल्या लोकांनी ड्रमरला भरभरून दाद दिली. त्या रात्री कोल्हापूरचा श्रोता ड्रमरने जिंकला, हे मी आजही मानतो, आणि पुढचं वाचताना तेवढं ध्यानात ठेवावं.

मग दरवर्षी येणं सुरू झालं. वादक आयोजकाच्या घरी उतरू लागला. काकूंच्या हातचा पांढरा रस्सा, सकाळी रंकाळ्यावर फेरी, एखादा दिवस जास्त काढून पन्हाळा. बाकीचे तिघे स्टँडजवळच्या लॉजवर. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. घरात पाहुण्यांची खोली एकच होती.

मानधन मात्र तिथेच राहिलं. २०१९ साली १,००,००० झालं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता आणि जाहिरातदार मागे हटले होते, म्हणून वादकाने वाढ मागितली नाही. २०२२ आणि २०२३ लाही १,००,०००. एव्हाना पुण्याचं मानधन २,४०,००० झालं होतं. आणखी एक बदल झाला होता आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही: पुणे-गोवा असा सलग फेरा आता दरवर्षी जुळत नव्हता. २०२३ ला तर संच मुंबईहून फक्त कोल्हापूरसाठी आला आणि परत गेला. मधला दिवस उरला नाही, पण मधल्या दिवसाचा दर उरला. सुरुवातीला तो दर रस्त्यामुळे होता. आता त्याला दोस्तीचा दर म्हणू लागले. मित्र मागत नाही, म्हणून मित्र देत नाही. दोघांनाही यात एकमेकांचा मान राखल्यासारखं वाटत होतं.

लॉकडाऊन

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. रंगमंचावर पोट असलेल्या वादकांची कमाई एका आठवड्यात शून्यावर आली. एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिने, आयोजकाने वादकाच्या खात्यावर दरमहा १०,००० रुपये पाठवले. वादकाने मागितले नव्हते. पहिल्या महिन्यात फोनवर तो संकोचला, तेव्हा आयोजक म्हणाला, "पुढच्या कार्यक्रमाची उचल समज की."

या वाक्यापाशी मी बरेचदा थांबलो आहे. मशीन शॉपमध्ये कामगाराला उचल द्यायची आणि पगारातून कापायची हे आयोजकाचं रोजचं काम. पण त्या दिवशी त्याच्या मनात कापणं नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून तो तसं बोलला. वादकानेही ते तसंच घेतलं. त्याच काळात वादक आयोजकाच्या मुलीला आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर सॅक्सोफोन शिकवत होता, जवळजवळ वर्षभर. त्याची फी कुणी विचारली नाही, कुणी सांगितली नाही. माझ्या वहीत ६०,००० ची नोंद 'उचल' म्हणून आहे. शिकवणीची नोंद कुठेच नाही.

२०२२ ला कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी मानधन पूर्ण दिलं गेलं, वळती काही झाली नाही. ती रक्कम वहीत तशीच पडून राहिली.

डिसेंबर २०२४

२०२४ चा कार्यक्रम केशवराव भोसले नाट्यगृहात करायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते हेच. मानधन या वेळी १,२०,००० ठरलं. वादकाचे ३६,००० आणि तिघांचे प्रत्येकी २८,०००. अंदाजपत्रक माझ्या हातचं. ५०० रुपयांची ४०० तिकिटं म्हणजे २,००,०००, जाहिरातदारांकडून ५०,०००. खर्चात स्थळ, ध्वनी आणि प्रकाश मिळून ७५,०००, प्रवास आणि राहणं २८,०००, छपाई-परवाने १२,०००, वर मानधन. शिल्लक १५,०००. आयोजकाच्या इतक्या वर्षांत एवढी शिल्लक कधी दिसली नव्हती.

तिकीट ५०० च्या वर का नाही, असं लोक विचारतात. संगीत कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटी माफ आहे. त्यावर गेलं की १८ टक्के. मशीन शॉप आणि कार्यक्रम एकाच पॅनवर असल्याने 'आपली उलाढाल छोटी' ही सबब आयोजकाला चालत नाही. म्हणून तिकीट ५०० वर बांधलेलं, आणि म्हणून अशा कार्यक्रमात खुर्च्यांची संख्या हाच जीव.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. केशवराव भोसल्यांची जयंती दुसऱ्या दिवशी होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. ते दुःख या हिशेबात मावणारं नाही आणि मी ते मावू देणारही नाही. हिशेबापुरतं एवढंच: शहरातली नाटकं, गाणी, संमेलनं सगळी उरलेल्या सभागृहांकडे वळली आणि हवी ती तारीख मिळेना. रद्द करायचं का, यावर दोघांचं फोनवर बोलणं झालं. वादक म्हणाला, "तू तारीख मोडू नको. पैशाचं आपण बघू." हे 'आपण' म्हणजे दोघे. बाकीच्या तिघांना हे संभाषण कळलंच नाही. त्यांच्या दृष्टीने ठरलेलं मानधन ठरलेलंच होतं.

शेवटी एका मंगल कार्यालयाचं लॉन घेतलं. लग्नाच्या लॉनवर जॅझ करायचं तर मंच, प्रकाश, वाढीव ध्वनिव्यवस्था हे सगळं बाहेरून आणावं लागतं. या बाबीचा खर्च ७५,००० वरून १,२०,००० वर गेला. त्यातून ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. बंदिस्त सभागृहाला रात्री दहाची मर्यादा लागत नाही, उघड्या जागेला लागते. शासन वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतं, त्यांत आमचा शनिवार नव्हता. ध्वनीची जुळवाजुळव लांबली, कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला, आणि दुसरा भाग ऐन रंगात असताना दहाच्या ठोक्याला बंद करावा लागला.

थंडीचंही सांगायला हवं. हवा गार झाली की फुंकवाद्याचा सूर उतरतो. सॅक्सोफोनवाला माऊथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आत सरकवून सूर चढवतो, पण कीबोर्डचा सूर थंडीने हलत नाही, आणि संध्याकाळ जसजशी उतरत गेली तसतसा वादक दर गाण्याआधी माऊथपीस सरकवत राहिला. दव पडत होतं. वाद्याची भोकं झाकणाऱ्या गाद्या चिकटत होत्या. अशा रात्री संच तगला तो ड्रम आणि बास यांनी लय घट्ट धरली म्हणून. वादकाने स्वतः मंचावरून तसं सांगितलं.

तिकिटं २३० गेली. १,१५,००० आणि जाहिरातीचे ५०,०००, एकूण जमा १,६५,०००. खर्च पूर्ण मानधन धरून २,८०,०००. तूट १,१५,०००.

लॉनच्या मागच्या खोलीत आयोजकाने वादकाच्या हातात ६०,००० चं पाकीट ठेवलं. म्हणाला, "बाकीचं ते लॉकडाऊनमधलं धरूया का?" वादकाने मान हलवली. रात्री गाडीत त्याने तिघांना प्रत्येकी १६,००० दिले. कार्यक्रम तोट्यात गेला, यंदा सांभाळून घ्या, एवढंच सांगितलं. स्वतःकडे १२,००० ठेवले.

पावत्या

मी वर्षअखेरीला प्रत्येक वादकाकडून त्याच्या रकमेची पावती घेतो. हा माझा हट्ट आहे. संचाच्या प्रमुखाची एकच पावती मला पुरत नाही. मार्चमध्ये ड्रमरची पावती आली, १६,००० ची. बासवाल्याची तेवढीच, कीबोर्डवाल्याचीही. माझ्या वहीत वळतीसकट १,२०,००० खर्ची पडलेले, आणि तिघांच्या नावापुढे प्रत्येकी २८,०००.

मांडणी सोपी आहे, पण मी ती कागदावर करेपर्यंत कुणालाच दिसली नव्हती. लॉकडाऊनमध्ये ६०,००० घेतले ते एकट्या वादकाने. फिटले ते मात्र चौघांच्या पैशांतून: वादकाचे २४,००० आणि तिघांचे प्रत्येकी १२,००० म्हणजे ३६,०००. एका मित्राने दुसऱ्याला केलेली मदत पुण्याच्या एका तरुण ड्रमरने फेडली, आणि त्याला हे माहीतही नव्हतं. त्या ड्रमरलाही २०२० मध्ये काम नव्हतं. त्याला दरमहा कुणी काही पाठवलं नव्हतं.

मग मागचीही वर्षं वेगळी दिसू लागली. दोस्तीचा दर म्हणून जे सोडलं जात होतं, ते दरवर्षी चौघांच्या वाट्यातून सुटत होतं. दोस्तीचं जे परत येत होतं, घरचं जेवण, पन्हाळा, अडीअडचणीला धावून येणं, ते एकालाच मिळत होतं.

ड्रमर तक्रार करणारा नाही. २०२५ च्या तारखा विचारायला वादकाने फोन केला तेव्हा त्याने फक्त "त्या आठवड्यात जमणार नाही" असं सांगितलं. बासवाल्यानेही तेच. या धंद्यात नाराजी अशीच कळते.

केबिनमधली बैठक

मी दोघांना उद्यमनगरातल्या केबिनमध्ये बसवलं आणि कागद पुढे ठेवला. आयोजकाचा चेहरा पडला.

"मी त्या पोरांचं काय खाल्लं न्हाई हो," तो मला म्हणाला. मग वादकाकडे वळून, "तुला धरूया का म्हटलं, तवा बोलायचं न्हवं?"

"कसं बोलू, भावा? सहा महिने माझं घर तू चालवलंस."

यावर दोघेही गप्प झाले. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की या उत्तरात सगळं प्रकरण आहे. उपकाराखाली असलेला माणूस चौघांच्या वतीने घासाघीस करू शकत नाही. स्वतःचे पैसे तो हसत सोडेल. पण संचाचा प्रमुख म्हणून त्या रात्री तो एकटा नव्हता, तिघांच्या मजुरीचा विश्वस्त होता. म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा मी वादकाकडे देतो, जरी त्याची अडचण मला पूर्ण समजते. आयोजकाचा दोष वेगळा: आपण कुणाकडून सवलत घेतो आहोत हे त्याने कधी मोजलं नाही. चार माणसं मंचावर दिसत असताना तो एकाशीच बोलत राहिला.

६०,००० ही मदत होती की उचल, यावर तासभर वाद झाला. आयोजक म्हणे मदत होती, तेव्हा तिघांचे पैसे मी देतो. वादक म्हणे उचलच होती, तेव्हा मी देतो. दोघेही दुसऱ्याला वाचवत होते. मी एवढंच म्हटलं की ती मदत असो की उचल, ड्रमरच्या १२,००० ला त्याने फरक पडत नाही. शेवटी ३६,००० दोघांनी निम्मेनिम्मे भरायचे ठरले. प्रत्येकाच्या खात्यावर थेट गेले, आणि का गेले ते फोनवर स्पष्ट सांगून गेले. वादकाने स्वतःचे २४,००० सोडले. ते सोडण्याचा अधिकार त्याचा होता. मुलीच्या शिकवणीचा विषय आयोजकाने काढला, तेव्हा वादक उठून चहा सांगायला गेला.

लिहिलं की परकं होतं?

कागद करायचा म्हटल्यावर आयोजक दुखावला. मित्राशी करार करायचा म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं होतं, हे त्याचं म्हणणं. आपल्या गावात हे म्हणणं नव्याण्णव टक्के लोकांचं असेल. मी त्याला नॉर्मन ग्रांझ यांची गोष्ट सांगितली.

ग्रांझ हे अमेरिकेतले आयोजक. 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' नावाने १९४४ पासून ते वादकांचे संच घेऊन गावोगाव फिरले. गायिका एला फिट्झजेराल्ड आणि पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री. कॅनडातल्या तरुण पीटरसनला १९४९ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकांसमोर त्यांनीच आणलं. त्या काळात कृष्णवर्णीय वादकाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, सभागृहात श्रोते रंगावरून वेगळे बसवले जात. ग्रांझ यांनी हे नुसतं मित्रांच्या कानात वाईट म्हणून सांगितलं नाही. श्रोत्यांना वेगळं बसवायचं नाही, ही अट सभागृहांशी केलेल्या करारातच घातली. १९५५ साली ह्यूस्टनला श्रोते एकत्र बसवले म्हणून पोलिसांनी मंचामागे धाड घालून एला, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि खुद्द ग्रांझ यांना पकडलं, जुगाराचं निमित्त करून. ग्रांझ ते प्रकरण कोर्टात लढले. संचातल्या सर्वांना चांगला पैसा आणि चांगली हॉटेलं, यावर त्यांचा कटाक्ष असे. नाव ज्याचं मोठं त्यालाच नव्हे, सर्वांना.

आयोजकाला यातलं कराराचं कलम भिडलं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी कागदावर भांडायचं, हे त्याला पटलं. 'परकं होणं' हा शब्द त्याने त्यानंतर काढला नाही.

नवं पत्र

आता एक पानी पत्र असतं, मराठीत. चौघांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची रक्कम. तारीख पक्की होताना निम्मे थेट त्याच्या खात्यावर, उरलेले मंचावर चढण्याआधी. कोल्हापूरचं मानधन म्हणजे त्या वर्षीच्या पुण्याच्या मानधनाचे साठ टक्के. फेरा जुळत नसेल तर प्रवास वेगळा. राहण्याची सोय चौघांची एकाच ठिकाणी. वादकाला आयोजकाच्या घरी राहायचं असेल तर कार्यक्रम झाल्यावर दोन दिवस जास्त राहावं, स्वखुशीने. दोघांमधले खासगी देणेघेणे कार्यक्रमाच्या हिशेबात येणार नाहीत, ही ओळ मी घातली आणि दोघांनी तिच्याखाली वेगळी सही केली.

साठ टक्के म्हणजे १,४४,०००. हे आकडे मांडल्यावर जे दिसलं ते आयोजकाला कडू लागलं: ५०० रुपयांच्या तिकिटात, नाट्यगृह नसताना, कोल्हापूरला दरवर्षी चौघांचा संच परवडत नाही. कधीच परवडत नव्हता. इतकी वर्षं तो परवडत होता असं वाटलं ते तिघांच्या सवलतीमुळे. म्हणून यंदा सॅक्सोफोन, बास आणि ड्रम अशा तिघांचाच कार्यक्रम ठरवला आहे, छोट्या सभागृहात, दीडशे श्रोत्यांसाठी, ध्वनिव्यवस्था नावापुरती. कीबोर्डवाल्याला हे आधी सांगितलं, कारणासकट. दीडशे तिकिटांचे ७५,००० आणि जाहिरातीचे ५०,००० यांत तिघांचं साठ टक्क्यांच्या हिशेबाचं मानधन, प्रवास आणि सभागृह बसत नाही. वीसेक हजारांची तूट येते. ती आयोजक स्वतःच्या खिशातून भरणार आहे, आणि पत्रात तसं लिहिलं आहे. ड्रमरने तारीख दिली आहे.

एक कलम अजून मोकळं आहे. जागा ऐनवेळी गेली, जशी २०२४ ला गेली, तर वाढीव खर्च कुणाचा? आयोजकाच्या मते निम्मा संचाने सोसावा, कारण आग लागली त्यात त्याचा दोष नव्हता. वादक म्हणतो, दोष आमचाही नव्हता. तिकीट विकण्याची जोखीम आयोजकाची, वाजवण्याची आमची. मी वादकाच्या बाजूने आहे आणि तसं आयोजकाला सांगितलं आहे. तो विचार करतो म्हणाला. पुढच्या शनिवारी आयोजक, वादक आणि मी पुन्हा केबिनमध्ये बसणार आहोत, आणि या वेळी ड्रमरलाही फोनवर घ्यायचं ठरलं आहे.